लांडगा आहे तो, कुत्रा नाही!

कॉमिक्सवर सिनेमा येतोय अशी बातमी पेपरात आली की आमच्या घरात ती माझ्यापासून लपवली जाते. बायको नेमकं तेच पान पसरून त्यावर मेथी निवडायला घेते, मुलगी टीव्हीचा चॅनेल बदलते, आणि एरवी दिवसभर मामा-मामा करत मागे लागणारा भाचा एकदम गणितं सोडवायला बसतो. त्यांचंही बरोबर आहे. चार लोक सिनेमा बघायला जातात, मी तपासायला जातो. लहानपणापासून पाठ झालेली चित्रं डोक्यात घेऊन खुर्चीत बसायचं, पडद्यावरची एकेक चौकट तिच्याशी ताडून बघायची आणि जुळलं नाही की ‘हं!’ करायचं. हे ‘हं’ पुढच्या तीन रांगांना ऐकू जातं असं बायकोचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही, कारण पाचव्या रांगेतले लोकही वळून बघतात.

तसं आमचं संगमनेर नावं ठेवण्यात मागे पडलेलं गाव नाही. फटके लिहिणारे अनंत फंदी इथलेच. त्यांनी लोकांना शहाणं करण्यासाठी फटके लिहिले, आम्ही ती परंपरा चहाच्या टपरीवर तोंडी चालू ठेवली आहे. आमच्या टपरीवर तिघांचं कायमचं मंडळ आहे. एक मी, दुसरा माझा मेडिकलवाला मित्र आणि तिसरे एक निवृत्त मास्तर. उसाचा भाव, पुणे-नाशिक रस्ता आणि कॉमिक्सवरचे सिनेमे या तिन्ही विषयांत कोणी कधीच नीट काम केलेलं नाही, यावर मंडळाचं एकमत आहे.

माझं या क्षेत्रातलं शिक्षण इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळापासून सुरू झालं. ही कॉमिक्स १९६४ साली निघाली आणि १९९० साली बंद पडली. त्या दोन टोकांच्या मध्ये आमचं बालपण बसलं. नवा अंक विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून चार आणे रोजाच्या भाड्यानं आणायचा आणि प्रवरेच्या घाटावर बसून वाचायचा. भाडं एकाचं आणि वाचणारे सहा असायचे. पान उलटण्यावरून मारामारी व्हायची, आणि वेताळ तिकडे गुंडांना हाणतोय तोवर इकडे आमचं निम्मं पान फाटलेलं असायचं. वेताळानं ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर अंगठीतल्या कवटीची खूण उठायची आणि ती जन्मभर जायची नाही. मी सायकलच्या छर्ऱ्यांची एक अंगठी बनवून वर्गातल्या एकावर तो प्रयोग केला. खूण उठली ती माझ्याच गालावर, सरांच्या पाच बोटांची. तीही जन्मभर राहील असं तेव्हा वाटलं होतं.

आणि १९९६ साली हॉलिवूडनं वेताळावर सिनेमा काढला. आमच्यापर्यंत तो बऱ्याच उशिरा, केबलवाल्याच्या कृपेनं पोचला. शेजाऱ्यांकडे टीव्ही मोठा होता म्हणून मी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तिथे जाऊन बसलो. पडद्यावर बिली झेन नावाचा एक देखणा माणूस नखशिखान्त जांभळ्या कपड्यांत घोड्यावरून आला. शेजारच्या आजींनी विचारलं, “हा सर्कशीतला का?”

“आजी, तो वेताळ आहे. जंगलात राहतो.”

“हिरव्या जंगलात जांभळा घालून? मग लपतो कसा?”

इतकी वर्षं वाचून हा प्रश्न आम्हा सहाजणांपैकी एकालाही पडला नव्हता. वेताळाचा जनक ली फॉक याच्या मनात १९३६ साली राखाडी पोशाख होता. रंगीत छपाई सुरू झाली तेव्हा छापणाऱ्यांनी तो जांभळा करून टाकला. कागदावर ते खपून गेलं. छापखान्यातली ती गडबड जवळपास साठ वर्षांनी बिचाऱ्या बिली झेनच्या अंगावर मापानं शिवली गेली. पण मला रंगाचा राग नव्हता. मला राग होता डोळ्यांचा. वेताळाच्या मुखवट्यामागे बुबुळं कधी काढलेली नसतात, दोन पांढऱ्या फटी असतात, आणि त्यांना बघून गुंड थरथरतात. इथे मुखवट्यातून चक्क माणसाचे डोळे दिसत होते, आणि ते प्रेमळ होते! मी ‘हं!’ केलं.

“छान आहे रे याचा कुत्रा,” वेताळामागून आलेल्या जनावराकडे बघत आजी म्हणाल्या.

“लांडगा आहे तो, कुत्रा नाही!”

हे मी इतक्या जोरात ओरडलो की आजींच्या हातातली वाटी पडली आणि वाटीतले फुटाणे कोचाखाली गेले. त्या घरात मला पुन्हा टीव्ही बघायला बोलावलं नाही. सिनेमाही फारसा चालला नाही. त्यात माझा हात नव्हता, तरी आपल्या मताला जगानं पाठिंबा दिल्याचं समाधान मी बरेच दिवस बाळगून होतो.

वेताळ तरी परदेशी होता. खरी कसोटी लागली ती चिंटूच्या वेळी.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या चित्रमालिकेतला ‘चिंटू’ २१ नोव्हेंबर १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला. पेपर आला की वडिलांच्या आधी मी कात्रीसह दारात हजर असायचो. चिंटू कापून वहीत चिकटवायचा आणि उरलेला पेपर वडिलांना द्यायचा, अशी माझी पद्धत होती. वडील त्या भोकातून माझ्याकडे बघत विचारायचे, “यामागे काय होतं?” यामागे कधी बाजारभाव असायचे, कधी निधनवार्ता. एकदा लांबच्या नात्यातल्या एकांच्या दहाव्याची वेळ चिंटूच्या पाठीमागे छापून आली होती आणि ती वहीत खळ लावून पक्की चिकटली. वडील दहाव्याला गेले तेव्हा तिथे तेराव्याची तयारी चालली होती. त्या दिवशी वहीवर बंदी आली. मी वही पिठाच्या डब्यामागे नेऊन ठेवली आणि कात्रणं चालूच ठेवली.

या चिंटूचं मोठेपण असं की त्याला काहीही करायचं नसतं. तीन-चार चौकटी. पहिलीत आई काहीतरी सांगते, दुसरीत चिंटू ऐकल्यासारखं करतो, शेवटच्या चौकटीत तो असं काहीतरी बोलतो की आई कपाळाला हात लावते. संपलं. उद्या पुन्हा तेच घर, तीच आई, तोच न केलेला गृहपाठ. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, नेहा ही मंडळी वर्षानुवर्षं त्याच वयाची आणि त्याच वाड्यावस्तीची. मी कात्रणं कापता कापता बारावी झालो, नोकरीला लागलो, लग्न झालं, मला मुलगी झाली, ती वाढत वाढत चिंटूच्या पुढे निघून गेली. चिंटू मात्र अजून दप्तर फेकून खेळायलाच पळतोय.

अशा मुलावर २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी सिनेमा काढला. शुभंकर अत्रे चिंटू झाला, सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे त्याचे आई-पप्पा झाले. मे महिन्यात सिनेमा लागला. तो आमच्या गावात येईपर्यंत वाट बघण्याइतका दम मला नव्हता, म्हणून नाशिकला जायचं ठरवलं. पण जवळपास चाळिशीला आलेल्या माणसानं एकट्यानं ‘चिंटू’ला जाणं बरं दिसत नाही. मी सोसायटीतली पोरं गोळा केली. “काका सिनेमाला नेतायत” ही बातमी इतकी पसरली की पोरांबरोबर त्यांची मावसभावंडंही आली. गाडीत पोरं कोंबली तशी ती कऱ्हे घाटात ओकली. एकाला सुरुवात झाली की बाकीच्यांना लागण होते हे मला तोवर माहीत नव्हतं. खिशातला धुतलेला रुमाल, गाडीतलं फडकं आणि शेवटी माझा बनियन अशा क्रमानं साफसफाई करत आम्ही नाशकात पोचलो.

सिनेमा सुरू झाला आणि माझी तपासणीही सुरू झाली. पहिली हरकत केसांना. चिंटूचे विस्कटलेले केस पेनाच्या चार फराट्यांत होतात. खऱ्या पोराचे केस मात्र आधी विंचरून मग विस्कटल्यासारखे दिसत होते. दुसरी हरकत आवाजाला. एकवीस वर्षं चिंटू माझ्या डोक्यात बोलत होता, आणि तिथे तो माझ्याच आवाजात बोलायचा. आता भलताच पोरगा त्याच्या तोंडानं बोलायला लागला! तिसरी हरकत रंगाला. माझ्या वहीतला चिंटू काळा-पांढरा होता. चिंटूच्या घराला पडदे आहेत आणि त्या पडद्यांना रंग आहे, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

पण मुख्य हरकत गोष्टीला होती. या सिनेमाला गोष्ट होती. पोरांचं खेळायचं मैदान जातं, क्रिकेटचा सामना जिंकायचा असतो, मोठी माणसं आडवी येतात. मी कासावीस झालो. ज्या मुलाला साधा गृहपाठ पुरा करायचा नाही, त्याला ध्येय कशाला दिलं? आपला चिंटू काहीतरी साध्य करतोय हे बघणं फार जड गेलं. तीन चौकटींत मावणाऱ्या मुलाचे दोन तास करायचे तर गोष्ट लागणारच, हे मला कळत होतं, पण कळणं वेगळं आणि ‘हं!’ वेगळं. मागच्या रांगेतलं एक पोरगं त्याच्या आईला म्हणालं, “आई, ते काका सारखे कण्हतायत. त्यांना बरं नाही का?” आईनं मला पाण्याची बाटली दिली.

आणलेली सगळी पोरं खिदळत होती, टाळ्या वाजवत होती. हे बघून तर मला जास्तच वाईट वाटलं. येताना नांदूर शिंगोट्याला चहाला थांबलो तेव्हा भाच्यानं विचारलं, “मामा, तुम्हाला नक्की कसा पाहिजे होता?”

“जसाच्या तसा.”

“मग घरी वही आहे की. ती बघायची होती.”

मी चहात लक्ष घातलं. पुढच्या वर्षी ‘चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा’ आला. तोही पहिल्याच आठवड्यात बघितला आणि टपरीवर येऊन सांगितलं, “पहिल्याची सर नाही. काय सुंदर होता तो!” मेडिकलवाल्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि चहाचे पैसे माझ्या नावावर लिहायला सांगितले.

या दुखण्यात मी एकटा नाही याचा शोध मला पुढे लागला. अमेरिकेत १९८८ साली टिम बर्टननं बॅटमॅनच्या कामासाठी मायकेल कीटनला घेतलं. कीटन तोवर विनोदी कामं करणारा नट. वॉर्नर ब्रदर्सकडे चाहत्यांची सुमारे ५०,००० निषेधाची पत्रं गेली. ई-मेल तेव्हा घरोघरी पोचला नव्हता, म्हणजे प्रत्येकानं कागद घेऊन, पाकीट चिकटवून, तिकीट लावून राग टपालात टाकला होता! दुसऱ्या वर्षी सिनेमा आला आणि तुफान चालला. मग पुढचा प्रत्येक बॅटमॅन बघून तेच लोक म्हणू लागले की बॅटमॅन असावा तर कीटनसारखा. २०२३ साली ‘द फ्लॅश’मध्ये कीटन पुन्हा तो मुखवटा चढवून आला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत ती पत्रं लिहिणारेही असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी त्यांच्या जागी असतो तर वाजवल्याच असत्या, आणि वाजवता वाजवता म्हणालो असतो, “आता वय दिसतं त्याचं.”

आमच्या टपरीवर तर यापेक्षा खोल चर्चा होतात. कॉमिक्समधला स्पायडर-मॅन १९६२ सालापासून जाळं फेकायचं यंत्र स्वतः बनवतो आणि मनगटाला बांधतो. २००२ च्या सिनेमात ते जाळं थेट त्याच्या मनगटातून निघालं. मी म्हणालो, हा पोराच्या बुद्धीचा अपमान आहे, एवढं डोकं चालवून यंत्र बनवलं ते कुठे गेलं? मेडिकलवाल्याला वेगळीच चिंता. “एवढं जाळं अंगातून काढायचं म्हणजे रोज प्रोटीन किती लागेल? आणि हा तर गरीब घरातला. काकू एकटी कमावती.” मग तो पावतीच्या पाठीमागे हिशोब करत बसला. दुकानात औषधासाठी उभा असलेला पेशंट तिथपर्यंत शोधत आला, तरी हिशोब संपला नव्हता. मास्तरांचं एकच म्हणणं होतं, “पेटंट घ्यायला पाहिजे होतं त्यानं.”

मास्तर स्वतः ‘फास्टर फेणे’ संप्रदायाचे. ती कॉमिक्स नव्हे, भा. रा. भागवतांची पुस्तकं, पण दुखणं तेच. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा शाळकरी पोरगा, हडकुळा, सायकलवर. २०१७ साली सिनेमा आला, त्यात अमेय वाघ फेणे झाला आणि फेणे एकदम कॉलेजच्या वयाचा झाला. मास्तर सिनेमा बघून आले आणि आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी टपरीवर येऊन एवढंच म्हणाले, “त्याला दाढी आहे.” आम्ही दोघं उठून उभे राहिलो.

भाषेचंही तसंच. २००७ साली ‘स्पायडर-मॅन ३’ भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर भोजपुरीतही आला. गावातला एक पाणीपुरीवाला मला हसत हसत म्हणाला, “साहब, अब वो हमारी बोली बोलता है.” त्या दिवशी माझ्या घशाखाली पुरी उतरेना. मराठीत का नाही, या प्रश्नावर मी टपरीवर कितीतरी भाषणं केली, एकदोनदा माइक असता तर आंदोलनच झालं असतं. अखेर २०२३ साली ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ दहा भाषांत आणत असल्याचं जाहीर झालं आणि त्यांत मराठी होती. शिवाय त्यात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅन, आणि त्याचं शहर मुंबट्टन, म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटन यांची खिचडी. भाच्यानं मोठ्या कौतुकानं मराठी ट्रेलर मोबाइलवर लावून दिला. मी कान देऊन ऐकला.

“कसं वाटलं, मामा?”

“फार पुस्तकी आहे. आपल्या नगरी बोलीत पाहिजे होतं. आणि हे मुंबट्टन काय? पुढे संगमनेरला स्टॉप नाही का?”

भाच्यानं मोबाइल काढून घेतला.

तरीही सगळ्यांत मोठी फजिती ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ची. एप्रिल २०१९, सिनेमा तीन तास एक मिनिटाचा. बायको सहसा अशा सिनेमाला येत नाही, पण तिला नाशकात साडीच्या दुकानात जायचं होतं, म्हणून आधी सिनेमा आणि मग साडी असा तह झाला. सिनेमा संपला. लोक डोळे पुसत उठले. दरवाजे उघडले, दिवे लागले, झाडूवाल्या मावशी आत आल्या. मी बसून राहिलो.

“चला की, संपला ना?”

“थांब. खरं दृश्य नावांनंतर असतं. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून तशी रीत आहे.”

पडद्यावर नावं वर सरकायला लागली. त्या सिनेमाला हातभार लावलेल्या माणसांची संख्या आमच्या तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी असावी. मावशींनी आमच्या पायाखालचे पॉपकॉर्न झाडले, मग पाय वर घ्यायला सांगून पुन्हा झाडले. साडीचं दुकान बंद व्हायला आलं होतं. सगळं थिएटर रिकामं झालं, उरलो आम्ही दोघं आणि माझ्यासारखेच ठिकठिकाणी विखुरलेले पाचसहा जण. एकमेकांकडे न बघता बसलो होतो. शेवटचं नाव गेलं. पडदा काळा झाला. मी बायकोचा हात धरून म्हणालो, “आता बघ.”

काही दिसलं नाही. काळ्या पडद्यामागून कुठूनतरी ठण् ठण् असा हातोडीचा आवाज आला आणि थांबला. बस. दृश्यच नव्हतं. त्या पहिल्या ‘आयर्न मॅन’मध्ये गुहेत कोंडलेला टोनी स्टार्क आपलं चिलखत ठोकून बनवतो त्या घणाची ती आठवण होती. माझा कंठ दाटून आला. मी बायकोला ते समजावून सांगायला लागलो.

“म्हणजे ही हातोडी ऐकायला मी साडी सोडली?” ती म्हणाली. “आपल्या गल्लीच्या टोकाला फॅब्रिकेशनवाला सकाळी सातला सुरू होतो. फुकट ऐकवते.”

परतीच्या वाटेवर सिन्नर मागे पडेपर्यंत ती बोलली नाही. नंतर मात्र घरापर्यंत बोलली. ती साडी पुढे दुप्पट किमतीची झाली, आणि अजूनही कुठल्याही सिनेमाचं नाव काढलं की ती कपाटातून बाहेर येते.

एवढं सगळं होऊनही निर्मात्या-दिग्दर्शकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. आमच्या नाराजीला भिऊन हात आखडू नका. चिंटूचा तिसरा भाग काढा, वेताळाला पुन्हा घोड्यावर बसवा, वाटलं तर फेण्याला परत शाळेत घाला. केस चुकतील, रंग चुकतील, लांडग्याच्या जागी तुम्ही खराखुरा कुत्रा उभा कराल, ते सगळं आम्ही धरूनच चाललोय. नावं ठेवायला आम्ही पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला येऊ, आणि तिकीट स्वतःच्या पैशानं काढू. फक्त शेवटी नावं संपल्यावर काही असेल तर आधी सांगा. आम्हाला पुढे साडीच्या दुकानात जायचं असतं.